बाजारातली हाडकुळी घोडी: घ्यावी का, आणि घेतली तर पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पिरंगुटच्या पुढे मुळशी रस्त्याला वीस गुंठे जागा आहे, विहिरीला पाणी आहे, एक गडी कायमचा राहतो. अकलूजच्या घोडेबाजारात बरगड्या मोजता येतील अशी एक घोडी दिसली. दलाल म्हणाला, "घेऊन टाका साहेब, नाहीतर हिचं काही खरं नाही." परदेशात लिलावातून घोडे सोडवणाऱ्यांचे व्हिडिओ बघून वाटतंय की दरवर्षी असे दोन-तीन घोडे विकत घेऊन सांभाळावेत. हे बरोबर आहे का? सुरुवात कशी करावी?

दलालाच्या त्या वाक्यापासूनच सुरू करतो. ते वाक्य त्याने घोडीकडे बघून म्हटलेलं नाही, तुमच्याकडे बघून म्हटलंय. बाजारात बैल, गाय, घोडा यांच्याइतकीच गिऱ्हाइकाचीही पारख होते. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं की भाव चढतो आणि पुढच्या बाजारी तोच माणूस तशीच एक घोडी मुद्दाम पुढे बांधतो. अमेरिकेत नेमकं हेच झालं. तिथले शेवटचे घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, तेव्हापासून स्वस्त लिलावातले घोडे आणखी मोठ्या संख्येने ट्रक भरून मेक्सिको आणि कॅनडाकडे जायला लागले. मांसासाठी घोडे उचलणारे व्यापारी लवकरच शहाणे झाले. घोड्याचा फोटो टाकायचा, 'शुक्रवारपर्यंत पैसे आले नाहीत तर ट्रकमध्ये' अशी मुदत द्यायची, आणि मांसाच्या भावापेक्षा जास्त पैसे दयाळू माणसाकडून घ्यायचे. त्या पैशातून पुढच्या लिलावात आणखी घोडे घ्यायचे. घोडा वाचतो हे खरं. पण धंदाही वाचतो.

आपल्याकडे घोड्याच्या मांसाचा तसा उघडा बाजार नाही, त्यामुळे ते व्हिडिओ इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्याकडचा नको असलेला घोडा एका दिवसात संपत नाही, हातोहात खाली उतरत जातो. वरातीतून थंड हवेच्या ठिकाणच्या सवारीला, तिथून एखाद्या टांग्याला किंवा ओझ्याला, आणि शेवटी कुठल्यातरी नदीकाठी मोकळा सोडलेला. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असल्याचा निकाल उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला आणि वर्षभरात त्या बंद करायला सांगितल्या. तेव्हाही घोड्यांचं पुढे काय हाच अवघड प्रश्न होता. पुण्यात रेसकोर्सही आहे. तिथून निवृत्त झालेला उंच, पातळ कातडीचा घोडा स्वस्तात मिळतो म्हणून कोणी हौसेने घेतो आणि वर्षभरात त्याच्या खुराकाला कंटाळतो. त्यामुळे तुम्हाला जो घोडा 'दुर्लक्षित' दिसतो, तो बहुतेक वेळा कुठल्यातरी गरीब घोडेवाल्याच्या वाईट हंगामातला असतो.

हंगामाचं गणित समजून घ्या. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतात, आषाढ लागला की थांबतात. पुढचे चार महिने कमाई शून्य आणि घोड्याचं पोट तेवढंच. मग घोडेवाला काय करतो? पाय बांधून घोडा मोकळ्या प्लॉटवर सोडतो. पावसात चिखल, प्लास्टिक, भटकी कुत्री, भरधाव गाड्या. दिवाळीच्या सुमारास अकलूजचा बाजार येतो, दत्तजयंतीला सारंगखेडा, मग नांदेडकडचं माळेगाव. ज्यांना हिवाळ्याआधी घोडा पोसता आला नाही, ते तिथे आणून विकतात. म्हणून माझं ठाम मत आहे की तुमच्याकडे वर्षाला दोन घोडे विकत घेण्याइतका पैसा असेल, तर त्यातला निम्मा जून ते ऑक्टोबर या काळात तुमच्याच भागातल्या घोडेवाल्यांच्या वैरणीवर, नालबंदावर आणि डॉक्टरवर खर्च करा. फोटोत हे काम दिसत नाही. पण एका घोड्याच्या वर्षाच्या खर्चात बऱ्याच घोड्यांचा पावसाळा निघतो आणि त्यातले बाजारात पोचतच नाहीत. घोडेवाल्याला खलनायक ठरवून हे काम होत नाही. त्याच्याशी बोलता आलं पाहिजे. चहा घ्या, घोडीचं नाव विचारा, मग लगामाकडे बघा.

लगामाकडे मुद्दाम बघा. काटेरी लगाम ही आपल्याकडची जुनी आणि वाईट खोड आहे. तोंडाच्या कोपऱ्यात आणि जिभेवर जखमा असतात, त्यामुळे घोडा नीट चावत नाही आणि वाळत जातो. १९६५ च्या ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांच्या नियमांनी असे काटे, गाठी असलेले लगाम वापरायला बंदी घातलेली आहे. मी भांडण न करता साधा लगाम देऊन काटेरी मागून घेतो. बहुतेक जण देतात.

आता घोडा ताब्यात घ्यायचे मार्ग. एक कायद्याचा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. कलम ११ खाली उपाशी ठेवणं, आजारी किंवा जखमी जनावराकडून काम करून घेणं, वाऱ्यावर सोडून देणं हे सगळे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! हा आकडा ऐकून लोक कायद्याचा नादच सोडतात, आणि तिथे चुकतात. जोर दंडात नाही, जप्तीत आहे. खटला चालू असताना जनावर पांजरपोळ किंवा प्राणी कल्याण संस्थेच्या ताब्यात देता येतं, आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे त्या काळातल्या देखभालीचा खर्च मालकाच्या अंगावर टाकता येतो. रोजच्या वैरणीचा आकडा समोर आला की बरेच मालक घोड्यावरचा हक्क स्वतःहून सोडतात. जनावराला मुद्दाम मारलं किंवा लुळं-पांगळं केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, ते बरंच कडक आहे. पोलीस ठाण्यात जाताना तारखेसह फोटो, जागेचा पत्ता, आणि शक्यतो सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा लेखी अहवाल घेऊन जा. तुम्ही एकटे व्यक्ती म्हणून ताबा मागण्यापेक्षा जिल्ह्याची प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी किंवा नोंदणीकृत संस्था बरोबर असली तर काम सरळ होतं.

दुसरा मार्ग, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला, मालकाने लिहून देऊन घोडा सोडणं. पैसे नाहीत किंवा अगदी नाममात्र. साध्या स्टॅम्पपेपरवर घोड्याचं वर्णन, रंग, भोवरे (अंगावरच्या केसांची चक्रं), पायाचे पांढरे पट्टे, 'हक्क सोडत आहे' हे वाक्य, दोन साक्षीदार. तोंडी व्यवहारावर घोडा आणू नका. घोडीचं अंग भरलं, त्यावर चकाकी आली की लग्नसराईच्या तोंडावर जुना मालक दारात उभा राहतो.

तिसरा मार्ग विकत घेण्याचा. घ्यायचाच असेल तर बाजाराच्या शेवटच्या दिवशी, मालकाकडून, दलालाला मध्ये न घालता. आणि जी गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते ती सांगतो: बाजारात अगदी धडधाकट घोडे निव्वळ भोवऱ्यामुळे कवडीमोलाने जातात. गळ्याखाली 'देवमन' हा शुभ मानलेला भोवरा असला की किंमत वाढते; डोळ्याखाली भोवरा असला की तो 'आसू ढाळ', घरात रडारड आणणारा. असला घोडा कोणी दारात बांधत नाही. तो बाजार-बाजार फिरतो, प्रत्येक बाजारात थोडा वाळतो. तुमचा विश्वास त्यावर नसेल तर तुमच्या पैशाने सर्वाधिक आयुष्य वाचतं ते इथे. चार वर्षांचा निरोगी, फक्त उपाशी घोडा आणि वीस वर्षांची मोडलेल्या पायाची घोडी, दोघांना ठेवायची जागा एकच असेल तर मी पहिल्याला घेतो. हे वाचायला बरं वाटत नाही, मला कळतं.

बघताना वय विक्रेत्याच्या तोंडून नको, घोड्याच्या तोंडातून काढा. वरच्या कोपऱ्याच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी एक खाच हिरडीजवळ दिसू लागते, पंधराव्या वर्षी अर्ध्यापर्यंत येते, विसाव्याला दातभर होते. दात कानशीने घासून, रंगवून तरुण दाखवण्याची करामत जुनी आहे, तेव्हा डोळ्यांवरचे खड्डे आणि दातांचा पुढे झुकलेला कोनही बघा. घोडा कडक जमिनीवर पळवायला सांगा. वेदनाशामकावर असलेला लंगडा घोडा त्या दिवशी लंगडत नाही, म्हणून शक्य असेल तर घेण्याआधी वेगवेगळ्या दोन दिवशी बघा. बाजार समितीची पावती घ्या. वाहतुकीआधी पशुवैद्यकाचा 'प्रवासास योग्य' दाखला घ्या. उठता न येणारा किंवा आठवडाभरात व्यायला आलेला प्राणी टेंपोत चढवूच नका.

घोडा घरी आणण्याआधी एका रोगाबद्दल मला तुम्हाला घाबरवायचं आहे: ग्लँडर्स. नाकातून चिकट, पिवळट स्राव, नाकाच्या आत व्रण, पायाच्या आतल्या बाजूला माळेसारख्या गाठी, त्या फुटून पू. कधी यातलं काहीच दिसत नाही आणि घोडा फक्त वाळलेला असतो. हा रोग माणसाला होतो, त्यावर लस नाही, आणि जनावरावर उपचार करायचे नसतात. २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याचा उद्रेक झाला होता. २००९ च्या संसर्गजन्य रोग कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे, आणि घोडा बाधित निघाला तर त्याला वेदनारहित मारावं लागतं. रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत जातो, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासणी होते. पुण्यातल्या लोकांना औंधचा रोग अन्वेषण विभाग जवळ आहे, तिथून सुरुवात करा. निकाल येईपर्यंत, आणि तसाही निदान तीन आठवडे, नवा घोडा बाकी जनावरांपासून लांब ठेवायचा. बादली वेगळी, खरारा वेगळा, शक्य तर माणूसही वेगळा, हातमोजे घातलेला. त्याच रक्तात सर्रा आणि घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय यांचीही तपासणी मागा. सर्रा चावऱ्या माश्यांमधून पसरतो. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते, घोडा चांगलं खाऊनही खंगतो. त्यावर औषध आहे. बऱ्याच 'उपाशी' घोड्यांच्या मागे उपासमारीइतकाच सर्राही असतो.

समजा घोडी आली. आता ती ज्या गोष्टीने मरू शकते ती म्हणजे तुमची माया. गावभरची माणसं भिजवलेले हरभरे, गूळ, गव्हाचा कोंडा, बाजरीची भाकरी घेऊन येतील. कोणाला हात लावू देऊ नका. महिनोन् महिने उपाशी राहिलेलं शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळत असतं. अचानक पिष्ट आणि साखर पोटात गेली की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं, आणि हृदय, श्वास, मूत्रपिंड कोलमडतात. गंमत म्हणजे पहिले दोन दिवस घोडी टवटवीत दिसते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पडते. लोक म्हणतात, 'वाचवली होती, पण दैवात नव्हतं.'

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी उपाशी घोड्यांना वेगवेगळे खाद्य देऊन बघितलं आणि त्यांना सर्वांत सुरक्षित सापडलं ते वाळवलेलं लसूणघास. आपलं नशीब की पुण्याच्या आजूबाजूला लसूणघास मुबलक आहे. त्यात पिष्ट कमी, प्रथिनं चांगली, फॉस्फरस-मॅग्नेशियम भरपूर. त्यांचं प्रमाण साडेचारशे किलोच्या घोड्याला दर चार तासांनी अर्धा किलो वाळकं, पहिले तीन दिवस, रात्रीसुद्धा. आपली तट्टं लहान. वजन काढायला टेप पुरते: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १५० आणि लांबी १३० असेल तर साधारण २४६ किलो. अशा घोडीला दर चार तासांनी पाव किलोहून किंचित जास्त वाळकं, किंवा हिरवं असेल तर सव्वा किलोच्या आसपास, कापून काही तास मरगळू दिलेलं. ताजं, ओलं, गरम झालेलं लसूणघास एकदम घातलं तर वायू धरतो. चौथ्या दिवसापासून हळूहळू वाढवा आणि वेळा कमी करा. सहाव्या दिवशी याच घोडीला दिवसाला तीन-सव्वातीन किलो वाळकं तीन वेळांत. दहा दिवसांनंतर ती खाईल तेवढं, दोन वेळा. बारीक कापलेला कडबा मग सुरू करा. चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, मात्र अंग भरेपर्यंत नाही. पाणी कायम समोर, स्वच्छ, मापलेलं, म्हणजे किती प्याली ते कळतं. पूर्ण अंग भरायला सहा ते दहा महिने लागतात. त्याआधी कोणी पाठीवर बसणार नाही, लहान मूलही नाही.

या दिवसांत एक वही ठेवा. सकाळ-संध्याकाळ ताप (साडेसदतीस ते साडेअडतीस सेल्सिअस), जबड्याखाली नाडी (विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४), लीद किती वेळा, पाणी किती. लीद थांबली, घोडी पोटाकडे वळून बघते, लोळते, तर पोटशूळ समजा आणि घरगुती काढे न पाजता डॉक्टरला बोलवा. नळीने तेल पाजणं हे डॉक्टरचं काम आहे. बाटलीने पाजलेलं फुफ्फुसात जातं. त्यामुळे गाय-बैलांसोबत घोडाही बघणारा पशुवैद्यक आधी शोधा, घोडी नंतर आणा.

जंताचं औषध पहिल्याच दिवशी ढोसू नका, अंगात थोडी ताकद आल्यावर डॉक्टरच्या सल्ल्याने. धनुर्वाताची लस मात्र लवकर, घोडा या रोगाला फार हळवा असतो आणि खुरात खिळा घुसणं रोजचंच. रेबीजचीही द्या. दातांच्या धारदार कडा घासून घ्या. खुरं वाढून चपलेसारखी झाली असतील तर नालबंदाला एकाच बैठकीत सरळ करू देऊ नका, दर पाच-सहा आठवड्यांनी थोडं थोडं. वरून खालपर्यंत नवं खूर यायला जवळजवळ वर्ष जातं. आणि घोडी गाभण आहे का ते तपासा. बाजारातल्या हाडकुळ्या घोडीच्या पोटात अकरा महिन्यांचा गर्भ कधी कधी कोणालाच दिसत नाही, आणि मग तुमच्याकडे एक नव्हे दोन जीव येतात. नर आणलात तर तो खच्ची करा, अंग भरल्यावर. सोडवलेल्या घोड्यांपासून शिंगरं काढणं मला तरी समजत नाही.

वीस गुंठ्यांबद्दल. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. चार महिने ती जागा चिखल असते आणि चिखलात खूर कुजतं. मुरूम टाकून उंच केलेला, तीन बाजूंनी बंद गोठा, प्रत्येकाला दहा बाय दहा फूट तरी, आणि फरशीवर भाताचं काड. एवढ्या जागेवर चराईची आशा धरू नका, सगळं विकत घ्यावं लागेल. वाळक्या हिशेबाने वजनाच्या दोन टक्के रोज. घोडा एकटा ठेवू नका. कळपातलं जनावर आहे, एकटं राहिलं की गोठ्यात डोलत उभं राहतं, लाकूड चावतं. दोन लहान चणीची तट्टं किंवा एक तट्टू आणि एक गाढव, माझ्या मते तुमची मर्यादा तेवढी. दरवर्षी दोन-तीन असं धरलंत तर पाचव्या वर्षी तुमचाच गोठा कोणीतरी येऊन सोडवावा लागेल. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. तुमच्या मागे कोण बघणार ते आज ठरवा आणि लिहून ठेवा.

काही वाचत नाहीत. निम्म्याच्या आसपास वजन गमावलेला आणि तीन दिवसांत स्वतःच्या पायावर उभा न राहिलेला घोडा बहुतेक हातचा गेलेला असतो. दोर बांधून, टांगून त्याला उभं ठेवण्याचा हट्ट पुढे त्याच्यासाठी नसतो. १९६० च्या कायद्यात असह्य यातनेतल्या जनावराला वेदनारहित मरण देण्याची तरतूद आहे. डॉक्टरशी आणि गड्याशी यावर आधीच बोलून ठेवा, कारण गड्याला ते पाप वाटू शकतं आणि ऐनवेळी तो बाजूला होतो. जागेच्या कोपऱ्यात, विहिरीपासून लांब, पुरण्याची जागाही ठरवा. अडीचशे किलोचं जनावर हाताने खणलेल्या खड्ड्यात जात नाही, जेसीबी लागतो, आणि पावसाळ्यात मुळशीत तो लगेच मिळत नाही. वर चुना टाका, कुत्र्यांनी उकरू नये इतकं खोल.

आणि पुढे घोडी कोणाला द्यायची वेळ आली तर विकू नका, वापरायला द्या. मालकी तुमच्याकडे, वरात नाही, प्रजनन नाही, दुसऱ्याला हस्तांतर नाही, दर सहा महिन्यांनी न सांगता बघायला येणार, हे सगळं कागदावर. शाळकरी मुलांना सवारी शिकवणारे क्लब अशी शांत घोडी आनंदाने घेतात. ज्याला अटी जाचक वाटतात त्याला देऊ नका. ज्याच्याकडे अजून गोठा बांधून झालेला नाही, त्यालाही नाही.